मागनं जेवीन

माझ्या चुलतीला अल्झायमर आहे. मी तिला मोठी आई म्हणतो. कडेगावच्या आमच्या घरात ती, चुलते, आई आणि मी असे चौघं राहतो. चुलते फौजेतून निवृत्त झालेत. मोठ्या आईचं सगळं आई बघते. मी सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतो, त्यामुळे दुपारी घरी असतो.

सांगलीच्या डॉक्टरांनी तिचं वजन केलं तेव्हा ते पुन्हा उतरलं होतं. ते म्हणाले, ‘‘गोळ्या चालू राहू देत, पण पोटात अन्न जायला पाहिजे. अशीच उतरत गेली तर नाकातून नळी घालावी लागेल.’’ मोठी आई खुर्चीत बसून पदराचं टोक चोळत होती. तिच्या हातात त्या दिवशी बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

आई आणि मी जेवणाच्या मागे लागलो. कोरडी भाकरी तिच्या तोंडात फिरत राहायची, म्हणून ती मुगाच्या आमटीत कुस्करून वर तूप घालायला लागलो. चमचा कसा धरायचा हे ती विसरते, म्हणून बाजरीच्या पिठात मेथी आणि वाटलेली मटकी घालून हातात धरता येतील असे मुटके उकडले. खिचडीत अंडं कुस्करलं, भाजीत शेंगदाण्याचा बारीक कूट घातला. तिचं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू मुलखातलं. हुलग्याचं पीठ शिजवून केलेल्या पातळ माडग्याचा वास आला की ती आजही मान वर करते, म्हणून रोज माडगं. चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा भात तिला दिसत नसावा असं डॉक्टर म्हणाले, तर मी निळं ताट आणलं. जेवताना टीव्ही बंद.

एवढं करून ती खात नव्हती. ताट समोर आलं की ते हाताने सारायची आणि म्हणायची, ‘‘मागनं जेवीन.’’

आम्ही समजायचो, आत्ता भूक नाही. ताट झाकून ठेवायचो, थोड्या वेळाने गरम करून आणायचो. पुन्हा ‘‘मागनं.’’

माझे वडील चळवळीतले होते. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी वाचायला शिकलो तो त्यांवरच. पुरुषांनी आधी जेवायचं आणि बायांनी भांड्याच्या तळाशी उरेल ते खायचं, या रीतीविरुद्ध कॉलेजात असताना मी पत्रक लिहिलं आणि आठवड्याच्या बाजारात वाटलं. ते लिहून घरी पहिलं ताट घेणं मला शक्य नव्हतं. म्हणून आमच्याकडे बाया आधी जेवतात. चुलते कुरकुरले होते, ‘‘फौजेत लायनीत हुबं ऱ्हायलं की मिळायचं. हितं नंबरच येईना गड्या.’’ पण त्यांनीही ते मान्य केलं. त्यामुळे पहिलं ताट मोठ्या आईचं, हे ठरलेलं होतं.

एका दुपारी मी फार भुकेला होतो. तिचं ताट झाकलेलंच होतं. तिच्या समोर जमिनीवर बसून मी जेवायला लागलो. ती माझा घास न् घास बघत होती. मी ताटात हात धुतला तसं तिनं विचारलं, ‘‘प्वाट भरलं का?’’

‘‘भरलं.’’

‘‘मग मी बसते.’’

तिनं माडग्याचं पातेलं पुढ्यात ओढलं, आत वाकून बघितलं आणि बोटांनी निपटून खाल्लं.

आई दारात उभी होती. ‘‘बघ की,’’ ती म्हणाली. ‘‘मागनं म्हंजी बापय माणसं जेवून उठल्यावर. तुझं पत्रक येईस्तवर मी बी हेच म्हणत हुते, तरी माझ्या ध्यानात आलं न्हाई.’’

आईनं लगेच ठरवलं: उद्यापासून चुलते आणि मी मोठ्या आईच्या देखत आधी जेवायचं. मी नाही म्हणालो. माणसं जेवली असं तिला सांगितलं की काम होईल, असं माझं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘ताटं कुठं हायती?’’ मी एक ताट आमटी फासून आणलं. तिनं ते उजेडात धरलं. ‘‘ह्यात बोटं फिरली न्हाईत कुणाची.’’

चुलते हसले. ‘‘फौजेतल्या सुभेदाराला फसवशील, हिला न्हाई.’’

मला हसू येत नव्हतं. ‘‘आजारानं हिचं सगळं पुसलं,’’ मी म्हणालो. ‘‘माहेर, सासर, मी कोण ते. आणि नेमकं हेच शिल्लक? आणि ते आपणच जपायचं?’’

‘‘तुझं खरं हाय,’’ आई म्हणाली. ‘‘मग तुझी पत्रकं भरव तिला. मला घास भरवायचाय.’’

त्या दुपारी मी चुलत्यांच्या शेजारी बसलो.

आता रोज बसतो. चुलते मुद्दाम मोठ्यानं ढेकर देतात, म्हणजे शंका राहू नये. वाढलेलं ताट मोठी आई अजूनही घेत नाही, तिला भांड्यातलं उरलेलंच लागतं. मग आईनं स्वयंपाकच फिरवला. आमची आमटी-भाकरी वेगळी असते. अंडं, तूप, कूट घातलेली मऊ खिचडी काळ्या पातेल्यात तळाशी ठेवायची आणि ते ‘उरलेलं’ म्हणून पुढे सारायचं. काळ्या बुडावर फिकट खिचडी तिला दिसतेही चांगली.

पुढच्या खेपेला सांगलीत वजनाचा काटा खाली आला नव्हता, उलट थोडा चढला होता. काय नवीन सुरू केलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

‘‘काय न्हाई सायेब,’’ चुलते म्हणाले, ‘‘ह्याला पहिलं जेवायला बसवलं.’’

डॉक्टरांना ते कळलं नाही. नळीचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

ती रीत अन्यायाची आहे हे माझं मत बदललेलं नाही आणि बदलणार नाही. पहिला घास मला अजून जड जातो. निदान आईनं तरी आमच्याबरोबर बसावं म्हणून मी रोज भांडतो. ती बसत नाही. म्हणते, ‘‘तिला संगत लागती. मी घास घेतला की बघून ती घेती.’’

आम्ही उठल्यावर दोघी पातेल्याभोवती बसतात. मोठी आई आत वाकून बघते आणि तोंडात घास असतानाच थोडी खिचडी आईच्या बाजूला सारते.

‘‘घे,’’ ती म्हणते. ‘‘लय उरलंय आज.’’