सार्जंट डिलार्ड यांनी मानलेला नकार

प्रश्न असा आहे : पुरात अडकलेल्या सैनिकांना समोरच्या घरमालकाने आत घेण्यास नकार दिला, तर त्यांनी तो नकार का मानावा?

गेल्या संविधान दिनाला अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटामध्ये मला हा प्रश्न विचारला गेला. कार्यक्रम एका घराच्या बेसमेंटमध्ये होता. उद्देशिकेचे वाचन झाल्यावर मी माझ्या सैनिकी नोकरीबद्दल आणि तिच्यातल्या एका पुराबद्दल थोडे बोललो. नागपूरहून पीएचडीसाठी आलेला अमोल मागच्या खुर्चीवरून उठला.

"जय भीम, काका. सॉरी, पण मला नाही पटलं. तुम्ही सहा जण, तो एकटा म्हातारा. एक माणूस गेला यार, फक्त मॅनर्ससाठी?"

"मॅनर्स नव्हते ते," एवढेच मी म्हणालो. तेवढ्यात जेवणाची पाने मांडली गेली. उरलेले उत्तर येथे देतो.

मी नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवत असे. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर जॉर्जिया राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये भरती झालो. हे अर्धवेळ सैन्य आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार सराव, उन्हाळ्यात कॅम्प, आणि वादळ आले की कॉल-अप, म्हणजे तातडीचे बोलावणे. भरती होताना जी शपथ घ्यावी लागते तिच्यात प्रथम अमेरिकेचे संविधान येते, वरिष्ठांचे आदेश नंतर. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. वाचकांनीही तो ध्यानात ठेवावा.

आमचे स्क्वॉड लीडर स्टाफ सार्जंट डिलार्ड. एरवी ते प्लंबर होते. मला प्रोफेसर म्हणत. कोणत्याही घरापाशी गेले की हेल्मेट काढत, दार वाजवत आणि पायपुसण्यावरून मागे सरून उभे राहत. "लोकांच्या घरात शिरणं हा माझा धंदा आहे," ते म्हणत, "त्यामुळे बाहेर थांबायची मला सवय आहे."

एका वर्षी चक्रीवादळानंतर आम्ही राज्याच्या दक्षिण भागात पिण्याचे पाणी आणि खाटा पोहोचवत होतो. काम सरळ होते : माल उतरवायचा, सही घ्यायची, परत फिरायचे. एका दुपारी परतीच्या वाटेवर नदीचे पाणी रस्त्यावर आले. पुढचा रस्ता तुटला आणि सखल भागात आमचा ट्रक बंद पडला. पाणी तेव्हा घोट्यापर्यंत होते. डाव्या हाताला उंचवट्यावर एक घर होते. त्याच रस्त्याने मागे, अर्ध्या मैलावर, चर्च होते. तेही उंचावर.

डिलार्ड यांनी घराचे दार वाजवले. मिस्टर पर्किन्स नावाचे वृद्ध गृहस्थ जाळीच्या दारामागे येऊन उभे राहिले.

"सर, आमचा ट्रक बंद पडलाय. रात्रीपुरता आसरा मिळेल का?"

"किती जण?"

"सहा."

"नाही. आत माझी बायको आहे. हॉस्पिसची नर्स सांगून गेलीय, आता फार दिवस नाहीत. अनोळखी माणसं नकोत मला घरात. पोर्चवर, आवारातही नकोत."

"आय अंडरस्टँड, सर."

रुईझ हा आमच्यातला सर्वांत वात्रट. तो पुटपुटला, "सार्जंट, पिझ्झा आणलाय म्हणून सांगा ना." मग गंभीर होऊन म्हणाला, "एक लाथ पुरे आहे त्या दाराला."

"दार त्यांचं आहे," डिलार्ड म्हणाले आणि त्यांनी रेडिओ उचलला.

"ट्रक बंद. पुढचा रस्ता तुटलाय. घरमालकाचा नकार. मागे अर्ध्या मैलावर चर्च आहे. ओव्हर."

"समजावून बघा. नाहीच ऐकलं तर आत जा. ओव्हर," पलीकडून लेफ्टनंट म्हणाले.

"सर, हा आदेश आहे का? ओव्हर."



"निगेटिव्ह. चर्च गाठा. ओव्हर."

"रॉजर. चर्च. आउट."

आम्ही कमरेला दोर बांधून निघालो. माझी गाठ तपासताना डिलार्ड म्हणाले, "प्रोफेसर, हा नियम कुठून आला ते तुम्हाला ठाऊक असेल. मला एवढंच माहीत आहे, की तो नाही म्हणाला." ते स्वतः सर्वांत शेवटी राहिले. मी त्यांच्या पुढे होतो.

वाटेत पाणी गुडघ्यावर आले. रस्त्याखालच्या मोरीचा भराव आमच्या पायांखाली खचला. एक ओंडका डिलार्ड आणि माझ्यामधल्या दोरावर आदळून गेला. माझ्या कमरेचा दोर एकदम हलका झाला. मी वळून पाहिले तेव्हा मागे कोणी नव्हते.

चर्चला आम्ही पाच जण पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोध सुरू झाला. पत्नीजवळ शेजारणीला बसवून पर्किन्स स्वतःची होडी घेऊन आले. कोणी त्यांना बोलावले नव्हते. डिलार्ड त्यांनाच सापडले, त्यांच्या कुरणाच्या कुंपणाजवळ. पर्किन्स यांनी आपला कोट काढून त्यांच्यावर घातला.

"मी आत घ्यायला हवं होतं," ते मला म्हणाले.

"नाही म्हणण्याचा अधिकार तुमचा होता, सर," मी म्हणालो. त्याहून खरे असे दुसरे काही मला सुचले नाही.

आता नियम कुठून आला ते सांगतो. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाला युद्धासाठी पैसा हवा होता. पार्लमेंट हवा तेवढा देईना. मग त्याने सक्तीची कर्जे काढली, न देणाऱ्यांना तुरुंगात टाकले आणि प्रजेच्या घरांत सैनिक उतरवले. विचार करा : तुमच्या चुलीशी परका शिपाई बसला आहे आणि त्याला उठवणे तुमच्या हाती नाही. पार्लमेंटने १६२८ मध्ये या गोष्टींविरुद्ध लेखी मागणी केली. राजाने ती मान्य केली, पण लवकरच पार्लमेंट बरखास्त केले आणि अकरा वर्षे एकट्याने कारभार केला. पुढे यादवी युद्ध झाले आणि राजाचा शिरच्छेद झाला. तरीही वाद मिटला नाही. शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीशिवाय सैन्य ठेवता येणार नाही, हे १६८९ मध्ये नक्की झाले. अमेरिकेतही इंग्रजी राजवटीत सैनिकांच्या मुक्कामावरून तेच भांडण पेटले. म्हणून येथील संविधानात तिसरी दुरुस्ती आली : शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय कोणत्याही घरात सैनिक ठेवायचा नाही.

जिवावर बेतल्यावर कायदा थोडा सैल होतो, असे वकील म्हणतील. ते खरे असेल. परंतु डिलार्ड दारात उभे होते तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होते आणि चर्च दिसत होते.

हे सर्व मी अमोलला फोनवर सांगितले.

"मग काका, असा नियम बदलायला नको?"

"बदलता येतो की. इथल्या काँग्रेसमध्ये, राज्यांच्या विधिमंडळांत. पोर्चवर नाही."

"तुम्ही असता लीडर, तर? खरं सांगा."

"मीही चर्चकडेच वळलो असतो."

सैन्य सोडल्यानंतरही वर्षातून एकदा मी डिलार्ड यांच्या पत्नीला भेटायला जातो. त्यांच्या दाराला बेल आहे. मी दार वाजवतो, टोपी काढतो आणि पायपुसण्यावरून मागे सरतो. आतून त्या म्हणतात, "कम इन, प्रोफेसर." मग मी आत जातो.

तिसरी दुरुस्ती एकाच वाक्याची आहे. १६२८ ची मागणीही ग्रंथालयात मिळते. माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन्ही स्वतः वाचून मी सांगितले ते बरोबर आहे का, हे कृपया तपासून पाहा.