नात्यातले

माणसाचा माणसावरचा विश्वास हाच वस्तीचा पाया असतो. आमच्या कॉलनीच्या नियमावलीतलं हे पहिलं वाक्य माझं आहे. प्रत्येक पाहुण्याच्या आधार कार्डाची प्रत वहीला जोडावी, हे दुसरं वाक्यही माझंच.

नांदेडात यात्रेकरू येतात, दवाखान्यात पेशंट येतात आणि पेशंटमागून नातेवाईक येतात. लॉज महाग पडतो. त्यामुळे आमच्या कॉलनीतली नऊ घरं माडीवरची खोली दिवसावर देऊ लागली. मग कुठल्याशा खोलीत पत्त्यांचा डाव रंगला, शेजाऱ्यांनी तक्रार केली, अध्यक्षांनी बैठक बोलावली आणि मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून मसुदा माझ्या गळ्यात आला. कलम चार मी विशेष ठसक्यात लिहिलं: कागद न घेता पाहुणा ठेवल्यास ती खोली कायमची बंद. टाळ्या पडल्या. आमचीही खोली त्या नऊंत होती आणि मुलीची लातूरची शिकवणी त्या खोलीवर चालत होती, हे टाळ्या ऐकताना माझ्या ध्यानात राहिलं नाही.

एका संध्याकाळी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, हातात बॅग. दवाखान्यात माणूस आहे म्हणाले. मी वही काढली. तेवढ्यात बायको पाणी घेऊन आली.

"गाव कोणतं म्हणालात?"

"इकडं वरलं."

"हदगावकडचे का?"

"हाव."

"माझी मावशी दिली हाय की हदगावात. मारुतीच्या देवळामागं. तुम्ही मावशीच्या दिराकडले तर न्हाई?"

"तसंच म्हणा," ते म्हणाले.

"अहो, पाव्हणेच निघाले की. ठेवा ती वही."

आमच्याकडे तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं आणि नातं निघाल्यावर कागद मागणं म्हणजे ताटावरून उठवणं. मी गावाच्या रकान्यात हदगाव, ओळखीच्या रकान्यात 'नात्यातले' असं लिहिलं आणि वही मिटली. जेवायला भाकरी आणि वांग्याची भाजी होती.

दुसऱ्या दिवशी दहाला ते बाहेर पडले. जेवायला येतो म्हणाले. दोन वाजले तरी आले नाहीत, आले ते अध्यक्ष.

"सर, पाचला हवालदार येऊन राहिलेत. सगळ्या खोल्या तपासणार. एका माणसाला शोधून राहिलेत, भाड्याच्या खोलीत दडलाय म्हणे. वही तयार ठेवा."

"कसा आहे माणूस?"

"पन्नाशीचा. पांढरा शर्ट. बोलायला लई गोड."

या वर्णनात अर्धा जिल्हा बसतो, खुद्द अध्यक्षही बसतात. पण भ्यालेल्या माणसाला अर्धा जिल्हा दिसत नाही, एकच शर्ट दिसतो. मी पाहुण्यांना फोन लावला. बंद. बायकोनं मावशीला लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आमच्यात असं कुणी न्हाई गं," मावशी म्हणाली. "दिराकडले सगळे इथंच हायेत. जेवून राहिलेत."

बायको हळूच खाली बसली. मग आम्ही माडीवर गेलो. खाटेखाली बॅग होती, चेनला कुलूप लावलेली. आम्ही दोघं दारातूनच तिच्याकडे बघत राहिलो. कुठला दवाखाना, हे आम्ही विचारलंच नव्हतं. गाव विचारलं होतं आणि गाव खोटं निघालं होतं.

"पायानं सरकवून बघू का?" ती म्हणाली.

"हात नको लावू. पायही नको."

खाली येऊन मी माझीच नियमावली वाचत बसलो. इतकी बारकाईनं ती कॉलनीत कुणी वाचली नसेल. कलम चारला पळवाट नव्हती, याचंच मला बैठकीत कौतुक वाटलं होतं. पण खोली जाणं ही आता लहान गोष्ट वाटायला लागली. लातूरला मुलीच्या मेसमध्ये कुणीतरी मोबाइलवर बातमी दाखवतंय आणि तिच्यात आमचं घर आहे, असं डोळ्यांपुढे येत होतं. बायकोनं दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो तसाच निवला.

पाचला हवालदार आले, मागं अध्यक्ष. हवालदारांनी वही उघडली, बोट रकान्यावर टेकवलं.

"नात्यातले. कोण लागतात, सर?"

मी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "मावशीच्या दिराकडले."

"अन् हायेत कुठं?"

तेवढ्यात फाटक वाजलं. पाहुणे रिकामा डबा घेऊन आत आले, चेहरा उन्हानं रापलेला. सून ऑपरेशनला आत होती, फोनची बॅटरी सकाळीच संपली होती. हवालदारांनी कार्ड मागताच त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमधलं कार्ड काढून दिलं.

"कालपासून खिशात काढूनच ठेवलंय," ते म्हणाले. "कुणी मागितलंच न्हाई."

हवालदारांनी मोबाइलमधला फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहिला. "हे न्हाईत ते," म्हणाले. मग कार्ड वाचलं. "पण हे तर उमरीचे. सर, तुम्ही हदगाव कसं लिहिलं?"

"ताईंनीच सांगितलं माझं गाव," पाहुणे खाली बघत म्हणाले. "इतक्या मायेनं सांगून राहिल्या होत्या, न्हाई म्हणवलं न्हाई."

बायकोनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला अजून ठाऊक नाही. हवालदार खुर्चीवर टेकले.

"उमरीत कुणाकडचे तुम्ही?" त्यांनी विचारलं. चहा तिसऱ्यांदा ठेवावा लागला.

कलम चारप्रमाणे आमची खोली बंद व्हायला हवी होती. पुढच्या बैठकीत मीच तो विषय काढला, पण अध्यक्षांनी वेळ नसल्याचं सांगितलं. हवालदारांनी अध्यक्षांच्या खोलीची वही आमच्या आधी तपासली होती. तिच्यात वर्षभराचे सगळे पाहुणे नात्यातले होते.