तीट लावलेली वही

माझं पहिलं लेकरू माझ्या बोलण्यानं गेलं, असं मी धरून बसले व्हते.

काल जुन्नरच्या कमलकाकी गेल्या.
त्यांनीच मला त्या भीतीतनं बाहेर काढलं, म्हणून हे सांगते.

मला टाइप करता येत नाय. फोनवर बोलून लिहिते, पोरीनं शिकवलंय. काय चुकलं तर संभाळून घ्या.

पहिला पोरगा व्हता. दोन महिन्यांचा.
तवा आमी निमगाव सावाला, सासरी ऱ्हायचो. शेजारीण त्याला बघायला आली, तिला मी म्हणलं, लई गुटगुटीत झालाय बघा.
आठव्या दिवशी तापानं गेला.

सासूबाई एवढंच म्हणल्या, "आपल्या तोंडानं कशाला बोलायचं, बाई."
ते माझ्या काळजात रुतून बसलं.

दोन वर्षांनी गिरिजा झाली. दोन हजार तीन-चार साल असंल.
ह्यांना जुन्नरात काम लागलं, दवाखाना पण जवळ, म्हणून कमलकाकींच्या मागची खोली भाड्यानं घेतली. मारवाडी जैन माणसं. बाजारात कापडाचं दुकान. मराठी मातर आमच्यापेक्षा शुद्ध.

मी गिरिजाला पदराखालून काढतच नव्हते.
कुणी विचारलं, बाळ कसं हाय? की म्हणायचे, कुठलं काय, किरकिर करती, पीत न्हाई.
सगळं खोटं. पोरगी घटाघटा प्यायची.

आणि येडेपणा बघा, डॉक्टरला पण तेच सांगितलं.
डॉक्टर म्हणायचे, वजन तर वाढतंय, मग पीत कशी नाही?
शेवटी म्हणाले, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ, रक्त काढून तपासू.
चार महिन्यांच्या पोरीचं रक्त काढणार, माझ्या खोटेपणापायी.

घरी येऊन रडत बसले. काकी आल्या.
"मंगल, भिंतीपलीकडं मला तिचं पिणं ऐकू येतं. डॉक्टरला खोटं का सांगतेस?"
तवा मी त्यांना पोराचं सगळं सांगितलं. त्या नुसत्या माझ्या पाठीवर हात फिरवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेऊन आल्या.
दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले व्हते. काकींची लेक अमेरिकेत. तिनं फोनवर सांगितलं म्हणे, तिकडं आता आभाराचा सण असतो. घरचे सगळे जेवायला बसतात आणि कशाकशाचे आभार ते सांगतात. ती वहीत पण लिहिते.

"त्यांचा एक दिवस. आपण रोज लिहू," काकी म्हणल्या. "एक ओळ तू, एक ओळ मी."
"चांगलं बोललं की नजर लागती, काकी."
"बोलायचं कुठंय? लिहायचंय. लिहिलेलं कुणाला ऐकू जात नाही."

तरी माझा हात उचलंना.
मग त्यांनी गिरिजाच्या काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि पानाच्या कोपऱ्यात काळा ठिपका लावला. बाळाच्या गालाला लावतो तशी तीट.
"झालं? आता वहीला पण नजर लागत नाही."
त्यांचा स्वतःचा असल्यावर विश्वास नव्हता. माझ्यासाठी लावली.

काकी दिवस मावळायच्या आत जेवायच्या. त्यांचं जेवण झालं की आमी दोघी ओट्यावर बसायचो.
मी सातवी शिकलेली. पहिली ओळ लिहिली, आज नळाला पाणी लवकर आलं.
"चालेल. नळाचे पण आभार."
मग, ऊन चांगलं पडलं, लंगोट वाळले.
मग, माहेराहून, लोणी गावातनं, बाजरीचं पीठ आलं.
पोरीचं नाव कुठंच नाय.

सहाव्या दिवशी काकी मुद्दाम दुसरीकडं तोंड करून बसल्या.
मी लिहिलं, गिरिजा आज पोटभर प्याली, खुदकन हसली.
त्या दिवशी तीट जरा मोठीच लावली.

मग रोज तिचंच. किती वेळा प्याली, कधी झोपली. एका पानावर, आज तिला स्वतःचा कान सापडला, सारखी धरून ओढती.
आणि मनात दिवस मोजत व्हते.

तिच्याबद्दल लिहायला लागल्यापासनं आठव्या दिवशी ताप आला.

मी वही चुलीत घालायला निघाले. काकींनी हात धरला.
"पोरीला घे, वही घे, आणि चल."

डॉक्टरांनी एकेक पान वाचलं. माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.
त्या कानाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कधीपासून?"
"दोन दिवस झालं."
बॅटरी घेऊन कानात बघितलं. आतनं लाल झाला व्हता. औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पुण्याला जायचं राहिलंच.

दवाखान्यातनं येताना काकी म्हणल्या, "मंगल, त्यालाही तापच आला होता. तू बोललीस म्हणून नाही."
मी भर बाजारात उभी राहून रडले. काकींनी दुकानातल्या माणसाला सांगितलं, हिला पाणी दे.

गिरिजा वर्षाची झाली तवा तिला लेण्याद्रीला नेली. गुडघे दुखत असताना काकी सगळ्या पायऱ्या चढल्या.
वर गेल्यावर मी देवापुढं मोठ्यानं बोलले, माझी पोरगी चांगली हाय.


वह्यांची पेटी भरली आता. दर पानाला तीट.
मागच्या महिन्यात काकींना भेटायला गेले तर त्यांनी विचारलं, "अजून लावतेस?"
"लावते की."
"वेडी," म्हणल्या, आणि हसल्या.

आज दिवस मावळायच्या आत वही घेतली.
लिहिलं, मला कमलकाकी भेटल्या.

काजळाची डबी उघडून ठेवली व्हती. परत झाकण लावलं.
तुमाला आता कुणाची नजर लागायचीय, काकी.

सावकाश जा.
तुमच्या मंगलचा आणि गिरिजाचा शेवटचा नमस्कार.