फोनवरची अक्का

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढी काळजी आहे, तिच्यातली निम्मी माझ्या आतेबहिणीकडे कायम मुक्कामाला असते आणि उरलेली निम्मी ती फोनवरून लोकांकडून मागवून घेते. मागवून घेणं हा तिचा व्यवसाय आहे. ती समुपदेशक आहे. धुळ्यातल्या आपल्या घरात, कानाला हेडफोन लावून, घाबरलेल्या माणसांशी बोलते. संस्था दुसऱ्या शहरातली, माणसं कुठली कुठली. माझ्याहून ती सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणतो. वर्तमानपत्रात आयुष्य गेल्यामुळे आधाराशिवाय विधान करायची मला सवय नाही, तेव्हा निम्म्या काळजीचा आधार देतो. दहाच्या बससाठी अक्का आठला स्टँडवर पोचते. आठची बस समोर उभी असते, रिकामी असते, पण ती घेत नाही, कारण ठरली आहे दहाची. घराबाहेर पडताना ती गॅसच्या बंद बटणाचा फोटो काढते, म्हणजे वाटेत शंका आली तर बघता येतो. पुढे तिला अशी शंका येऊ लागली की हा फोटो कालचा असेल. तेव्हापासून ती शेगडीवर त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवून, तारीख दिसेल अशा बेताने फोटो काढते. मी ज्या वर्तमानपत्रात काम करतो, त्याच्यावर इतका भरवसा दुसऱ्या कोणत्याही वाचकाने ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तिचं कार्यालय म्हणजे घरातली गाद्यांची खोली. तीन भिंतींना गाद्या आणि गोधड्या उभ्या लावलेल्या, दाराच्या फटीत टॉवेल, आणि मधोमध एक खुर्ची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. आवाज आत येऊ नये म्हणून जी व्यवस्था आहे, ती आमच्या भावजींना भोगावी लागते. अकरा ते पाच घरात कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी झाली की फोनवरचा माणूस दचकतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले भावजी गेली काही वर्षं उघड्या पातेल्यात वरण शिजवतात आणि ते बोटचेपं राहतं. "हिच्या पेशंटांपायी आमची डाळ शिजत नाही," असं ते मला एकदा म्हणाले. आतून टॉवेलपलीकडून आवाज आला, "पेशंट म्हणायचं नाही!" लाइट गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसला तर दुसरा फोन, दुसऱ्या फोनची रेंज गेली तर शेजारच्या बाईंचा वायफाय, अशी तिची तटबंदी आहे. अक्का दिवसभर दार लावून हळू आवाजात कोणाशी काय बोलते, हे त्या शेजारच्या बाईंना न कळल्यामुळे ती शेअरबाजारात आहे, असं त्यांनी गल्लीत सांगून ठेवलंय.

मात्र फोनवर ती दुसरीच बाई असते. एरवी अक्काचं एक वाक्य दुसऱ्याच्या पायात पाय घालून पळतं. हेडफोन लावला की ते बसून बोलतं. हा आवाज मी एकदाच, जेवणाच्या सुट्टीत दार चुकून उघडं राहिलं तेव्हा ऐकला. शब्द ऐकू आले नाहीत, पण मी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलो. घरात वाद झाला की भावजी म्हणतात, "मला तुमच्याशी बोलायचं नाही. त्या आतल्या बाईंना बोलवा."

नोंदवहीत ती कोणाचं नाव लिहीत नाही. प्रत्येकाला एक धान्य दिलेलं असतं. बाजरीला झोप येत नाही, मटकीचं सुनेशी पटत नाही, हरभरा परीक्षेला घाबरतो. एकदा भावजींच्या नजरेला एक चिठ्ठी पडली: 'तूर – मंगळवार – छातीत धडधड'. त्यांनी पंधरा दिवस वरण खाल्लं नाही. मग अक्काने कपाटाला कुलूप आणलं, आणि कुलपाला दुसरं कुलूप.

तिच्या काळजीच्या मुळाशी एक नियम आहे. ज्याच्याशी बोलायचं तो माणूस ओळखीचा निघाला, तर त्याला दुसऱ्या समुपदेशकाकडे सोपवायचं. मोठ्या शहरात हा नियम सोपा असेल. खानदेशात माणूस आधी गाव सांगतो, मग आडनाव, मग मामांचं गाव, आणि या तीन गोष्टी झाल्या की नातं निघाल्याशिवाय राहत नाही. संस्थेने अहिराणी बोलणारे सगळे फोन अक्काकडे वळवल्यामुळे तिचं निम्मं कौशल्य लोकांना गाव सांगण्यापासून रोखण्यात खर्च होतं.

"ताई, मी साक्रीकडना..."

"गाव नको. काय होतंय ते सांगा."

"गाव नही सांगं त तुमले कसं कयी, कोन बोली राहिना?"

"मला कळायलाच नको, भाऊ."

एवढं करूनही एक मनुष्य बोलता बोलता "आमना मामानी पिठनी गिरणी" म्हणून गेला, आणि ती गिरणी अक्काच्या नणंदेच्या दिरांची निघाली. तो माणूस दुसऱ्या समुपदेशकाकडे गेला. त्यानंतर ती दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही.

आता तुरीची गोष्ट. यातलं अक्काने मला आजवर एका शब्दाने सांगितलेलं नाही. जे माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते मी पाहिलं, बाकीचं खुद्द तुरीने पुढे मला सांगितलं आणि लिहा म्हणाले. गाव तेवढं बदला, असं त्यांनी सांगितलं. बदललं आहे.

तूर म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, शेती आणि बियाण्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ. एका गर्दीत त्यांची छाती आवळली, श्वास मिळेना. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. पण तेव्हापासून लग्न नाही, बाजार नाही, गुडघा दुखतो असं घरी सांगायचं. अशी दोन वर्षं गेली आणि मुलीचं लग्न ठरलं. भर मांडवात उभं राहून कन्यादान करायचं होतं, आणि त्यांना दहा माणसांत उभं राहवत नव्हतं. कोणाला सांगायची लाज. कापसाच्या शेतात जाऊन ते अक्काला फोन करत. "तुमना शिवाय मी कोनशीच बोलाव नही," असं त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं.

अक्काने त्यांना पायरी पायरीने बाहेर काढलं. आधी कोपऱ्यावरची टपरी, मग स्टँड, मग आठवडी बाजाराची फक्त कड. छाती आवळली तर समोर दिसतील त्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. शेवटची पायरी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात अक्षता पडेपर्यंत थांबायचं. "एक लगीन शे पुढना गुरुवारले," ते म्हणाले, आणि अक्का अडवायच्या आत म्हणून गेले, "पाचोऱ्याले."

त्याच गुरुवारी, पाचोऱ्यालाच, अक्काच्या भाच्याचं लग्न होतं. ती वराची सख्खी आत्या, तिला चुकवता येणं शक्य नव्हतं. तिथीचा दिवस, पाचोऱ्यात त्या दिवशी बरीच लग्नं होती, हाच काय तो तिला आधार. मंगल कार्यालयात मला ती दिसली ती दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातलेली. नमस्कार केला तर म्हणाली, "हो, जेवले." भावजींना विचारलं, तर म्हणाले, "सकाळपासून असंच आहे. आवाज ऐकायचे नाहीत म्हणे. कापसाचा भाव पडला म्हणून कानात घालायला लागली असेल."

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. बारा वीसला मी अक्काजवळ उभा होतो. दाराशी पाण्याचे जार मांडले होते, तिथे पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ घामाने निथळत होते. त्यांचे ओठ हलत होते. खुर्ची. जार. झुंबर. ढोल. चप्पल. मग पुन्हा खुर्ची. कापूस आवाजापुरताच होता. ओठ अक्काला दिसत होते. तिचा चेहरा उतरला. गृहस्थ दाराकडे वळले. त्यांच्या पत्नीने कोपर धरलं, "काय व्हयनं? गुडघा दुखस का?" त्यांनी मान हलवली. आज इथून बाहेर पडलो तर कन्यादान धाकट्या भावाला करायला सांगायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते मला नंतर कळलं.

अक्काने दोन्ही बोळे काढून माझ्या हातात दिले आणि ती चालत गेली.

"श्वास घेऊ नका. आधी सोडा," ती म्हणाली.

ते गृहस्थ जागच्या जागी थिजले. वळून बघायला त्यांना बराच वेळ लागला.

"घाई शे का कुठे जावानी?"

"नही."

"मंग उभं राहू. मी भी उभी शे."

ध्वनिक्षेपकावर वराच्या आत्यांना मंचावर बोलावत होते. पहिल्यांदा आदराने, दुसऱ्यांदा मोठ्याने, तिसऱ्यांदा तर आत्या हरवल्यासारखं. भावजी धावत आले. "अहो, तुमच्याशिवाय मंगलाष्टकं अडलीयत!" "दोन मिनिटं," अक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मंगलाष्टकं तिच्याशिवाय सुरू झाली. त्या दोघांनी जारांपाशी उभं राहूनच अक्षता टाकल्या. ते गृहस्थ नवरीच्या आईचे मावसभाऊ निघाले. बारा पस्तीसपर्यंत ते अक्काचे कोणी नव्हते. बारा पस्तीसला सोयरे झाले.

जेवणाच्या पंगतीआधी ती त्यांना म्हणाली, "आता मला तुम्हाला सोडावं लागेल."

"कोनी सांगं?"

"नियम आहे."

"मंग आज येवालेच नको व्हतं मी."

"तुम्ही आलात, हेच तर आपलं काम होतं, भाऊ."

त्याच संध्याकाळी तिने संस्थेला कळवलं. तूर कोकणातल्या एका समुपदेशकाकडे गेली, म्हणजे कागदावर गेली. तूर तिथे खरंच बोलते की नाही, हे विचारायची अक्काला परवानगी नव्हती. संस्थेला विचारता येत नव्हतं, सोयऱ्यांना विचारलं तर गुपित फुटत होतं. मुलीच्या लग्नाला चार महिने होते. त्या चार महिन्यांत अक्काचे मला फोन येत.

"तिकडे कोणाचं काही कळलं का रे?"

"कोणाचं?"

"कोणाचंच नाही. सहज."

भावजी म्हणाले, चहात मीठ पडायला लागलंय.

धरणगावच्या त्या लग्नाचं निमंत्रण नवे सोयरे म्हणून आम्हा सगळ्यांना आलं. पत्रिकेत कन्यादान कोण करणार हे छापत नाहीत, तरी अक्काने ती दोन्ही बाजूंनी वाचली. मांडवात ती शेवटच्या रांगेत, खांबाआड बसली. आपण त्यांना दिसता कामा नये, असं तिचं म्हणणं. गर्दी भरपूर होती, बँड अंगावर येत होता. अंतरपाट धरला गेला तेव्हा मुलीजवळ गृहस्थांचा धाकटा भाऊ उभा होता, आणि अक्काने माझं मनगट धरलं. मग तो बाजूला झाला आणि गृहस्थ पुढे आले. मध्येच त्यांचा हात छातीकडे गेला. अक्काची बोटं माझ्या हातात रुतली. ते फक्त उपरणं सारखं करत होते. कन्यादान झालं. त्यानंतरही ते गर्दीत मधोमध फिरत राहिले, कोणाला पान देत, कोणाला रागावत, जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणून सगळ्या सोयऱ्यांना अडवत. त्यांचा गुडघा अजिबात दुखत नव्हता.

आम्ही त्यांना न भेटताच निघालो. गाडीत बसताना अक्का म्हणाली, "पाहिलंस? त्यांनी एकदाही इकडे बघितलं नाही."

"मग चांगलंच झालं."

"चांगलंच झालं की," ती म्हणाली, आणि गाडी वळेपर्यंत मान मागे करून मांडवाकडे बघत राहिली.