बाहेर उभा राहणारा

औषधाच्या दुकानात मी रक्तदाबाच्या गोळ्या घेत होतो. शेजारच्या तरुणीने कंडोमचं पाकीट मागितलं. दुकानदार ते घाईने वर्तमानपत्रात गुंडाळू लागला, तर ती म्हणाली, “राहू द्या, पर्समध्येच टाकतेय.” तिचा मित्र बाहेर मोटारसायकलवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. ती आल्यावर कुरकुरला, “घेतलंसच शेवटी? विश्वास नाही ना माझ्यावर?”

हे वाक्य माझं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी ते माझ्या तेव्हाच्या मैत्रिणीला, सुनंदाला ऐकवलं होतं, आणि त्याला प्रेम म्हणत होतो. बिअर आणायला मी गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचो. या पाकिटासाठी मात्र मला घराण्याची अब्रू आठवायची. शिवाय मजा जाते म्हणे. किती फडतूस मजा, आणि तिची किंमत दुसरीच्या पोटाने द्यायची.

गर्भपाताला सुनंदा तिच्या एका मैत्रिणीबरोबर गेली. कुणी ओळखीचं बघेल म्हणून मी समोरच्या टपरीवर चहा पीत थांबलो.

ती तरुणी मोटारसायकलवर बसलीच नाही. “तू जा,” म्हणाली आणि चालू लागली.

“रुसली, काका,” तो माझ्याकडे बघून हसला.

सुनंदा दवाखान्यातून बाहेर येऊन माझ्यासमोरून सरळ निघून गेली, तेव्हा मीही हेच समजलो होतो.