प्रल्हादनानांची हिरवी सायकल

फोन उचलल्यावर प्रल्हादनाना कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘नाना, मी विजय बोलतोय,’ असं आपण म्हणावं, तर पलीकडून प्रश्न यायचा, ‘कशावरून?’ जळगावच्या मेहरूणमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. तरीही माझ्याकडून साखर नेली तर ती आधी चाखून बघत.

पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नानांनी पारोळ्याहून वडिलांची जुनी हिरवी सायकल आणली. सकाळी तलावाला फेरी मारायची, एवढाच बेत. पण रंग ठिकठिकाणी उडालेला. रंगारी युसूफभाई म्हणाले, ‘घासून नवा मारू, नवरीसारखी दिसेल.’

‘याला काम हवंय,’ नाना माझ्या कानात पुटपुटले.

जुन्या सायकली जमवणारे धुळ्याचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, ‘हात लावू नका. मूळ रंगालाच मोल आहे.’

‘याला सायकल हवीय.’

मी म्हटलं, ‘तुम्हाला वाटेल ते करा.’ तर माझ्याकडेच रोखून पाहत म्हणाले, ‘तुला काय एवढी घाई?’

मग युसूफभाईंनीच हँडलखालचा एक पोपडा दाखवला. ‘नाना, हा मूळ रंग नाहीच. खाली काळा आहे.’ युसूफभाईंनीच काहीतरी केलं असणार, असं धरून नाना मला घेऊन पारोळ्याला आपल्या आत्याकडे, अक्कांकडे गेले. अक्का नव्वदीच्या, पण स्मरणशक्ती खणखणीत.

‘काळीच व्हती ती. तुन्हा बापनी घर आनी आन् लगेच हिरवी करी.’

‘कोणाकडून घेतली होती?’

‘ते मी इचारं नही.’

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीबाहेर बघत होते. एरंडोल मागे पडल्यावर म्हणाले, ‘सायकल आणल्या आणल्या माणूस रंग का बदलतो रे?’

‘जुनी घेतली असेल. हौस म्हणून रंगवली असेल.’

‘बाजाराच्या दिवशी बाबा ती कधीच काढत नसत. चालत जायचे. मी विचारलं, तर म्हणायचे, गर्दी असते.’

दुसऱ्या दिवशी युसूफभाई म्हणाले, ‘सीटखालच्या नळीवर नंबर ठोकलेला असतो. घासला की दिसेल. धुळ्याच्या त्या साहेबांना दाखवा, ते सांगतील सायकल कुठली ते.’ त्यांनी पॉलिशपेपर पुढे केला. नानांनी तो घेतला, नळीवर टेकवला. हात मात्र हलेना. दुधाच्या पिशवीवरही विश्वास न ठेवणारा हा माणूस तिथे उकिडवा बसून घामाघूम झाला होता.

शेवटी त्यांनी कागद परत दिला. ‘घासू नका. वरूनच मारा. हिरवाच.’

‘नाना, न घासता मारला तर टिकणार नाही.’

‘टिकेल तेवढा टिकू द्या.’

तो टिकला नाहीच. पण जिथे पोपडा निघे तिथे नाना स्वतः ब्रश घेऊन बसत. गेल्या उन्हाळ्यात ते गेले; तोवर त्यांची तलावाची फेरी चुकली नाही. वाटेत कोणी ‘नाना, सायकल कोणाची हो?’ असं विचारलं, तर ते ब्रेक दाबून थांबत, एक पाय जमिनीला टेकत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, ‘आमच्या बाबांची.’