कोरडा जोड

"सुती हाय."

बाहीचं कापड दोन बोटांत धरून चुरगळायचं आणि एवढंच बोलायचं, ही काकांची नमस्कार करायची पद्धत. त्यांनी माझं नाव नंतर विचारलं, टी-शर्ट आधी तपासला. तुम्ही पनवेलच्या बाजारात त्यांच्या दुकानात कधी ताडपत्री शिवून घ्यायला गेला असाल, तर तुमचीही बाही त्यांनी चुरगळली असणार, पैज लावते!

मी गेले होते बॅगचं फाटलेलं रेनकव्हर घेऊन. रविवारी ट्रेकला जातोय म्हटल्यावर त्यांनी मशीन थांबवलं.

"ही जीन्स घालून?"

"हो."

"मग चादर पन ने बाय. सुती भिजला का सुकत नाय, गुंडाळून आनायला लागंल तुला."

आणि त्या रविवारी हा माणूस चक्क आमच्याबरोबर आला! ऑफिसमधले आम्ही सहा जण, आणि सगळ्यांच्या पुढे साठीचे काका. पायात काळे रबरी बूट, पाठीवर स्वतः शिवलेली सॅक. त्यानंतर दोन वर्षं आमचा एकही ट्रेक त्यांच्याशिवाय झाला नाही.

वर पोचलो की माझे सेल्फी सुरू व्हायचे आणि ते ताडपत्री बांधायला लावायचे. आम्ही आपली उंच, ऐसपैस बांधायचो. ते लांबून बघायचे आणि म्हणायचे, "हळदीचा मांडव हाय का हा? नाचाचा नाय आत, बसाचा हाय." मग सगळं सोडून पुन्हा बांधायचं. वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून, आत जेमतेम गुडघे पोटाशी घेऊन बसता येईल एवढंच. वैतागायचो आम्ही! पण आत शिरलं की वारा खरंच गायब व्हायचा.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे कपड्यांचा कोरडा जोड. तरुणपणी ते करंजा बंदरात सासऱ्यांच्या मासेमारीच्या बोटीवर जायचे. बोटीवर प्रत्येकाचे कोरडे कपडे घट्ट झाकणाच्या डब्यात असायचे, आणि बोट धक्क्याला लागल्याशिवाय डबा उघडायचा नाही. तेच त्यांनी डोंगरावर आणलं. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, तोंड पिळून सुतळी. "चालताना ओलाच राहाचा. थंडी वाजली तरी ओलाच. बसलास, वर छप्पर आला, मगच कोरडा. नि आपला जोड आईला पन द्याचा नाय."

आम्ही हसायचो. आईला पण नाही म्हणे!

मग प्रबळगडाचा तो ऑगस्टमधला ट्रेक. वरच्या जंगलात होतो आणि वारा सुटला. मी आणि माझी मैत्रीण प्राची मागे राहिलो होतो. ती कुडकुडत होती. मी म्हटलं, "अगं घाल ना कोरडे, पाच मिनिटांत खालीच उतरायचंय. काकांना कुठे कळतंय?" तिने रेनकोटच्या आत घातले. दहा मिनिटांत तेही चिंब.

आणि पुढे उतरायच्या घळीतून पाणी धो धो वाहत होतं. उतरणं अशक्य. काकांनी ताडपत्री बांधायला घेतली आणि ओरडले, "बदला कपडे!" प्राची सॅकची चेन धरून बसली होती. बोटं वळतच नव्हती. काहीतरी बोलली, ते शब्द जड जड, दारू प्यायल्यासारखे. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

काकांनी तिची पिशवी उघडून बघितली. आत मघाशी काढलेल्या कपड्यांचा ओला गोळा.

"कोनी सांगितला चालताना घालाला?"

मी खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

त्यांनी स्वतःच्या पिशवीची सुतळी दातांनी तोडली. भोकं पडलेला मरून स्वेटर, पॅन्ट, माकडटोपी. "पोरांनो, तोंडा तिकडं फिरवा. बाय, तू घाल तिला. नि बोलत राहा तिच्याशी, झोपू देव नको." मी तिला कपडे घातले, दोन्ही बाजूंनी चिकटून बसलो, चिक्कीचे तुकडे भरवले. तासाभराने ती म्हणाली, "या टोपीत माझा फोटो काढलात तर बघा," आणि सगळे वेड्यासारखे हसले. मी सोडून.

कारण काका ताडपत्रीच्या कडेला ओल्या शर्टावर कचऱ्याची काळी पिशवी चढवून बसले होते. ओठ पांढरे. पाणी ओसरेपर्यंत तसेच.

त्यानंतर त्यांचा खोकला दोन महिने गेला नाही. काकूंनी डोंगर बंद केला. मी दुकानात जायचे, सांगायचं ठरवून जायचे, आणि सुतळी विकत घेऊन परत यायचे. घरात किती सुतळी झाली विचारू नका.

गेल्या डिसेंबरमध्ये दुकानाची बिल्डिंग पाडायला घेतली. काका उरणकडच्या आपल्या गावी निघाले. मी धावत पोचले तेव्हा टेम्पोत मशीन चढलं होतं आणि ते वरून ताडपत्री आवळत होते.

"काका, प्राचीला ते कपडे घालायला मी सांगितलं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हाईत हाय."

"कसं?"

"त्या दिवशी नंतर एक सेल्फी काढला नाय तू."

मला एकदम रडूच आलं. त्यांनी दोरीचं टोक माझ्याकडे फेकलं. "रडतं काय? वड. जोरात वड."

मी दोन्ही हातांनी ओढलं, त्यांनी पलीकडून गाठ मारली, चाचपून बघितली आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. टेम्पो गेला. घरी जायला करंजाड्याच्या रिक्षात बसले तरी माझ्या तळहातांवर दोरीचे लाल वळ तसेच होते.